चोरटा दम

“दम चोरते मेली. पंचाच्या कानात बोळे घातलेत का काय, देव जाणे,” पुढच्या सीटवरची बाई पुटपुटली आणि तिने शेंगेचं टरफल खिडकीबाहेर भिरकावलं. वाऱ्याने ते परत आत आणून मागे बसलेल्या रोहिणीच्या मांडीवर, पापडांच्या पिशवीवर टाकलं.

“कोण गो शकू?” शेजारणीने विचारलं.

“ती गो, पेणची. डावा खांदा पाडून चढाईला येते, चिंबोरीवानी तिरकी. एवढीशी छाती, पण कबड्डी-कबड्डी थांबतच नाय. माणूस हाय का भाता? मधेच श्वास घेते गो ती. पण असा घेते का ऐकू म्हणून येत नाय. आज आमच्या अष्टमी गावात जिल्ह्याची निवड हाय. हिला घेतली का आमच्या पोरीचा नंबर गेला. आज मी पंचाच्या मांडीवरच जाऊन बसते का नाय बघ.”

“बस. पंचाची बायको येईल झाडू घेऊन.”

दोघी खिदळल्या. रोहिणीने टरफल चिमटीत धरलं, ते फेकायचं तिला सुचलं नाही. एसटी वडखळ सोडून कासूच्या बाजूला लागली होती. डावा खांदा. पेणमध्ये डावा खांदा खाली असलेल्या मुली किती असतील, याचा तिने प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. दप्तराने होतो, हंडा-कळशीने होतो, नुसत्या पोक काढून चालण्याच्या खोडीनेही होतो. असतील की. पण तिच्या मनाला असला हिशेब मान्य नव्हता. ही शकू नावाची परकी बाई तिच्याच मुलीला मेली म्हणाली होती. नूतनच्या डाव्या काखेखालून पाठीकडे वळत गेलेला एक व्रण होता, आणि मुंबईच्या हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की बरगड्यांमधून चिरलंय, वाढत्या वयात हा खांदा जरा आळशीपणा करील, त्याच्या मागे लागा. रोहिणी मागे लागली होती. खांद्याच्या, छातीच्या, झोपेच्या, सगळ्याच्याच. आणि नूतन या घडीला पेणला अकाउंट्सच्या ज्यादा तासाला बसलेली असायला हवी होती.

संशय घेणं हा रोहिणीचा जुना जोडधंदा. पापड त्याच्या नंतरचे. गेल्या पावसाळ्यापासून तिला घरात काहीतरी शिजल्याचा वास येत होता. नूतनच्या कोपराची खपली, विचारलं तर म्हणे बाकाला घासलं. मोज्यांना तांबड्या मातीचा वास, तर म्हणे कॉलेजचं आवार खणलंय. रविवारी दिनानाथला, तिच्या नवऱ्याला, रोह्याच्या कंपनीत न चुकता ओव्हरटाइम. आणि सासूबाई, बायजा, ज्यांनी जन्मात कुणाचे मोजे धुतले नाहीत, त्या मुलीचे मोजे धुऊन परसदारी वाळत घालत होत्या. रोहिणीने यातून मुलगा काढला. वयच तसं. तिने फोन तपासला, काही सापडलं नाही, आणि काहीच न सापडण्यासारखा दुसरा पुरावा नाही असं तिने ठरवून टाकलं. मग तो मुलगा कोण तेही ठरवलं, कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला. महिनाभर ती त्याच्याकडे अशी बघत होती की तो बिचारा तिच्या झेरॉक्सचे पैसे घेईनासा झाला. आता एसटीत, खिडकीच्या गजाला डोकं टेकून, तिला त्या पोराची लाज वाटली आणि लगेच राग आला की मुलगाच का नव्हता. मुलगा परवडला असता. मुलाच्या पायी दम जात नाही.

दम हा शब्द तिच्या घरात येतच नसे. धापही नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण जसं काही घरांत मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत तसं होतं. ‘तिचं ते’ असं म्हणायचं. ‘तिचं ते बरं आहे ना?’ ‘पावसात नेऊ नको, तिचं ते आहे.’ दिनानाथ म्हणायचा ‘दमलीस का?’, आणि तेही बोलून झाल्यावर दचकायचा. पाहुणे आले की बायजा सांगायच्या, पोरीचं लहानपणी गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, आपापल्या घरातली गाठ सांगायला लागतात.

त्याची सुरुवात अंधाऱ्या खोलीत झाली होती, पाचव्या महिन्यात. पेणच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचा हात तिच्या पोटावर फिरता फिरता एका जागी थांबला आणि तिथेच राहिला. तोवर ते गप्पा मारत होते, यंदा कारखान्यात ऑर्डरी किती, कुठल्या देशात गणपती जातात वगैरे. रोहिणी तेव्हा गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होती. हात थांबला तशा गप्पाही थांबल्या, आणि त्या शांततेवरून तिला कळलं, शब्द नंतर आले. बाळाच्या छातीत डाव्या बाजूला फुगे दिसताहेत, फुफ्फुस घडताना तेवढा भाग चुकीचा घडलाय. बायजा बाहेर बाकावर होत्या. ऐकून म्हणाल्या, “फुगे? पोटातल्या पोराला कसले गो फुगे?” आणि मग तो प्रश्न घरात राहायलाच आला. कसले, कशाने, कुणामुळे. डॉक्टर म्हणाले कुणामुळेच नाही, घडण्यातली चूक असते, आईबापाने काही केल्याने होत नाही. रोहिणीला हे वाक्य फार गुळगुळीत वाटलं, पॉलिश केलेलं. तिने रंगाच्या फवाऱ्यावर संशय घेतला, तोंडाला ओढणी न बांधता काम केलं त्यावर घेतला. दिनानाथच्या कंपनीच्या कपड्यांना येणाऱ्या उग्र वासावर घेतला, आणि ते कपडे ती आजही वेगळ्या बादलीत भिजवायची. बायजांनी ग्रहणावर घेतला. आणि तिघांनी एकमेकांवरही थोडा थोडा घेतलाच असणार, कारण त्या दिवसांत घरात भांडी फार आपटत होती.

नागोठण्याला चढणारे चढले. पुढे शकू आता आपल्या पोरीचं कौतुक सांगत होती, पकड कशी आहे, घोटा धरला की सोडत नाय, लहानपणी कोंबडी अशीच धरायची. रोहिणीला ती बाई आवडत चालली होती आणि त्याचाही तिला संशय आला.

मूल जन्मलं, रडलं, आणि त्या रडण्याने सगळे हसले, पण बायजांनी बारसं करू दिलं नाही. नाव ठेवलं की न्यायला येणाऱ्या यमाला हाक मारायला सोपं जातं. म्हणून पहिले कितीतरी महिने मुलीला नावच नव्हतं, हॉस्पिटलात ‘बेबी ऑफ रोहिणी’ आणि घरी ‘ती’. ऑपरेशन झालं, डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला, ती काचेमागून परत हातात आली तेव्हा बायजाच म्हणाल्या, नवी होऊन आली, नूतन म्हणा. मोठे डॉक्टर म्हणाले, लहान वयात उरलेलं फुफ्फुस वाढतं आणि जागा भरून काढतं, काळजी करू नका. दिनानाथने मान डोलावली. रोहिणीने नाही. ती सांधलेल्या मूर्तींवर रंग मारणारी बाई होती. वाहतुकीत हात मोडलेला गणपती ती रोज बघायची. आत काथ्या आणि प्लास्टर भरायचं, वरून पॉलिशपेपर, वरून रंग, वरून कंकण. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही असा कारखान्याचा रिवाज होता, आणि तिच्या हातच्या कंकणाखालचा सांधा कुणालाही दिसत नसे. पण तिला दिसायचा. मूर्ती गाडीत चढेपर्यंत तिची नजर तेवढ्याच जागी असायची. जागा भरून काढतं म्हणजे कशाने? किती? कोणी आत जाऊन बघितलं?

मग ती कान देऊ लागली. लेकरू झोपलं की पाठीवर तळवा, तळव्याखाली ती वर-खाली होणारी इवलीशी पाठ. थोडी मोठी झाल्यावर नूतन तळवा झटकू लागली, म्हणून उशाशी बसणं. त्याचीही ती कुरकुर करू लागली, म्हणून दाराआड. नूतनच्या श्वासाचे सगळे प्रकार रोहिणीला पाठ होते, जसे काही बायकांना आरत्या असतात. सर्दीचा, जिन्याचा, रडून झाल्यावरचा. हिवाळ्यात दोनदा छाती भरली, वाफारे, इंजेक्शनं, पुन्हा मुंबई. पीटीच्या तासाला हिला सावलीत बसवा असं ती दरवर्षी नव्या बाईंना सांगून यायची. आणि नऊ-दहाव्या वर्षापासून एक नवाच प्रकार सुरू झाला होता. दाराआड काही ऐकूच येत नसे. पोर झोपलेली, छाती हलतेय, पण आवाज नाही. रोहिणीने तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांचं थोडंसं खरं मानलं. बरी झाली बहुतेक. आतून भरलं असेल.

गेल्या खेपेला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी नूतनला नळीत फुंकायला लावलं, पडद्यावरची रेघ बघितली आणि म्हणाले, झकास आहे, आता दरवर्षी यायची गरज नाही, त्रास झाला तरच या. दिनानाथने पेढे घेतले. रोहिणीने आपल्या वाटचा पेढा तसाच पिशवीत ठेवला. डॉक्टर दोनच प्रकारच्या पेशंटांना येऊ नका म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. आणि निघताना दिनानाथ डॉक्टरांशी पॅसेजमध्ये वेगळं काहीतरी बोलला होता. काय बोललास विचारलं तर म्हणाला, “पार्किंगचं.” ते तिघंही रेल्वेने गेले होते.

अष्टमीला शकू उतरली तशी रोहिणीही उतरली. पापड खरं तर रोह्यातल्या दुकानात द्यायचे होते. “तुम्ही पण मॅचला काय ताई?” शकूने विचारलं. रोहिणीने मान हलवली, ती हो-नाही कशीही वाचता आली असती. “चला मग. कोण वळखीचं खेळतंय?” “नाही,” रोहिणी म्हणाली. “सहज.” एवढं सफाईदार खोटं आपल्याला येतं याचं तिला वाटेभर नवल वाटत राहिलं.

मैदान नदीकडच्या अंगाला होतं, मातीवर पाणी मारलेलं, भोवती दोर बांधलेला. तिने ठरवलं होतं की सरळ आत जायचं, दंडाला धरायचं, ओढत एसटीत बसवायचं. पण दोराशी पोचली आणि पहिल्यांदा दिसल्या त्या बायजा. सासूबाई सकाळी कासूला भाचीकडे जाते म्हणून निघाल्या होत्या. त्या इथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, डोक्यावर घडी केलेला टॉवेल, आणि ओरडत होत्या, “वाक गो, वाक! कमरेत वाक!” त्यांच्यामागे दिनानाथ, कंपनीच्या शर्टात, हातात पाण्याची बाटली. बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेला एक टकला माणूस. त्याला शकूने लांबूनच ओळखलं, “तो कमळाकर मास्तर, पेणचा. त्यानेच शिकवली असणार चोरी.” रोहिणीला वाटलं आपण एखाद्या परक्या लग्नात शिरलोय आणि वरपक्षात आपलंच सगळं घर बसलंय. किती रविवार? या तिघांनी मिळून किती वेळा एकमेकांना ‘तिला सांगू नका’ म्हटलं असेल? आणि म्हणताना कसे हसले असतील?

नूतन चढाईला आली. मधली रेघ ओलांडताच ती घरातली नूतन राहिली नाही. खांदा पडलेलाच होता, पण तो आता वापरलेला होता. त्या बाजूने ती खाली घसरायची आणि अष्टमीच्या पोरींचे हात तिच्या डोक्यावरून जायचे. कबड्डी कबड्डी कबड्डी, बारीक, सपाट, न चढता न उतरता. रोहिणीने पाहिलं नाही, ऐकलं. सगळं आयुष्य तिने याच एका आवाजासाठी कान तयार केला होता, आणि आता तो आपोआप मैदानभरच्या कालव्यातून वाट काढत त्या छातीशी जाऊन लागला. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि मग ‘ड्डी’च्या मागे, जीभ टाळ्याला लागते तिथे, इतकंसं काहीतरी. नाकातूनही नाही. गळ्याच्या मागच्या बाजूने, घोटासारखं. श्वास. पुढे परत कबड्डी कबड्डी, जणू काही झालंच नाही. पंच अगदी हाताच्या अंतरावर होता, त्याला ऐकू आलं नाही. शकूला वाटत होतं, पण तिलाही आलं नाही. रोहिणीला आलं. दोनदा आलं.

तिने दोर घट्ट धरला. तो घोट तिच्या ओळखीचा होता. तो दाराआडचा होता. नऊ-दहा वर्षांची पोर अंथरुणात पडून, आई बाहेर उभी आहे हे माहीत असताना, धाप लागलेली असताना, आईला कळू नये म्हणून असा घोटभर घोटभर श्वास घेत होती. आणि बाहेर उभी राहून आई म्हणत होती, बरी झाली बहुतेक. कमळाकर मास्तराने काही शिकवलं नव्हतं. पोर शिकूनच आली होती. रोहिणीला हे इतकं एकदम कळलं की पहिल्यांदा तिला त्याचाही संशय घेता आला नाही.

नूतन दोघींना शिवून परतली. पेणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दिनानाथने बाटली पुढे केली, तिने ती घेतली नाही, पाठ वळवून उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर, मान ताठ, पाठ मात्र भात्यासारखी. आवाज नाही. दिनानाथ ती पाठ बघत होता. बायजाही. मग दोघांनीही शहाण्या माणसांसारखी नजर काढून घेतली आणि स्कोअरबोर्डाकडे बघायला लागले.

“बघितलंत? बघितलंत काय?” शकू दोर वाकवून आत घुसली. पंचाने शिट्टी मारली, कमळाकर मास्तर धावला, निवड समितीचे दोघे खुर्चीवरून उठले. “चोरला दम. मधे घेतला श्वास. माझी पोर रीतसर खेळते, तिचा दम गेला का ती बाद. आणि हिला काय मोकळं रान?”

“ओ बाई, पुरावा काय?” मास्तर म्हणाला. “तुमची पोर बाद झाली का समोरची चोर, हे दर रविवारचंच हाय तुमचं.”

“माझ्यावर इस्वास नाय ना? मी अष्टमीची. बरं.” शकू गर्रकन वळली आणि तिने रोहिणीचा हात धरून तिला दोराच्या आत ओढलं. “या बाईंना इचारा. या कोणाच्याच नायत. पापडवाल्या हायत, सहज आल्यात. माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि ती चढाईला आली तशा कानात जीव आणून ऐकत होत्या, मी बघितलंय. ताई, तुम्ही सांगा. देवाला साक्ष ठेवून सांगा. ऐकलंत ना?”

बायजांनी खुर्चीवरचे पाय खाली घेतले. दिनानाथच्या हातातल्या बाटलीचं झाकण मातीत पडलं. नूतन वळली. तिने आईला पाहिलं, आणि तिच्या तोंडावर भीती आली नाही, राग आला नाही, लहानपणी दार अचानक उघडलं की तिचा चेहरा एकदम झोपेचा व्हायचा तसा तो झाला. कोणीच म्हटलं नाही की ही मुलीची आई आहे. घरातली सगळी माणसं गप्प बसण्यात इतकी तयार झालेली होती की परक्या गावच्या मैदानातही ती चुकली नाहीत.

हो म्हटलं तर आज हा खेळ सुटेल, रोहिणीला वाटलं. एका शब्दात सुटेल. चोर ठरेल, निवड जाईल, मास्तर जाईल, रविवार परत माझे होतील. पोर सावलीत बसेल. इतकं सोपं, आणि वर खरंही. नाही म्हटलं तर ती जिल्ह्याला जाईल, तिथून कुठे कुठे जाईल, आणि तो घोटभर श्वास घेऊन घेऊन एके दिवशी कुठल्यातरी मैदानात. पुढचं तिने मनातही पुरं केलं नाही. आणि पोर चोर नाही हे सांगायचं तर ‘तिचं ते’ इथे, या सगळ्यांसमोर काढून दाखवायला लागणार, शर्ट वर करून व्रण दाखवल्यासारखं. शकू तिच्या तोंडाकडे आशेने बघत होती. पंच बघत होता. तिने नूतनच्या छातीकडे पाहिलं, जी अजून थांबली नव्हती.

“मला काही ऐकू आलं नाही,” रोहिणी म्हणाली. आवाज अगदी दिनानाथचा आला, पॅसेजमधला, पार्किंगचं सांगतानाचा.

“आं? अहो, असं काय करता?” शकूने तिचा हात सोडला. “भल्या बाईसारख्या वाटलात.”

“झालं?” पंच म्हणाला. “चला, पेण, पुढची चढाई. वेळ जातोय.”

“साहेब, थांबा,” नूतन म्हणाली.

“नूतन, गप गो,” बायजा पटकन म्हणाल्या. “खेळ तू.”

“नाय आजी.” ती मधल्या रेघेवर आली. बोलायला लागली आणि पहिल्याच शब्दाला तिचा श्वास मधे आला, मोठा, ओरखडणारा, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि तिने तो दाबला नाही. “हिने ऐकलंय. ती माझी आई आहे. तिला सगळं ऐकू येतं.”

शकूने तोंडावर हात मारला. “आई गं! आणि मी येडी हिच्यासमोरच...”

“मी मधे श्वास घेते, साहेब. काकी बरोबर बोलतात.” पुन्हा श्वास. दिनानाथ दोन पावलं पुढे आला आणि तिने हाताने त्याला तिथेच थांबवलं. “माझं डाव्या बाजूचं फुफ्फुस लहानपणी अर्धं काढलंय. मला बाद द्या.” मग ती आईकडे वळली, आणि रोहिणीने इतक्या वर्षांत एकदाही सरळ न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं.

“मला धाप लागते, आई. पहिल्यापासून लागते.”